पाच लाखांचं व्याज किती?

चि. नव्या सचिवास,

अनेक आशीर्वाद.

बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या निवासी कार्यशाळेचं काम तू हाती घेतलंस. पहिल्या आठवड्यात देणगीदारांना फोन करत बसू नकोस. धर्मादाय कार्यालयातून संस्थेच्या परिशिष्ट 1 चा, म्हणजे तिथल्या अधिकृत नोंदीचा, ताजा उतारा काढ आणि त्यावरची विश्वस्तांची नावं वाच. बऱ्याच जुन्या संस्थांत तिथे वारलेल्यांची नावं अजून असतात, आणि रोजचा कारभार बघणाऱ्यांची नसतात.

विश्वस्त बदलले की 90 दिवसांत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 खाली चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल नोंदवण्याचा अर्ज, द्यायचा असतो. निवड होते, हार घातले जातात, अर्ज तेवढा राहतो. पुढच्या निवडीच्या वेळी मागचाच रिपोर्ट मंजूर नसल्यामुळे नवाही अडकतो. मग बँक सही बदलून देत नाही, अनुदानाचं बिल परत येतं आणि स्वयंपाकाच्या मावशींचा पगार थांबतो. राहिलेले रिपोर्ट विलंबमाफीच्या अर्जासह क्रमाने दाखल कर. सोबत सभेची नोटीस, ती मिळाल्याच्या पोचपावत्या, हजेरीच्या सह्या, इतिवृत्त, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं आणि राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला हवा. घोळ बहुतेक वेळा नोटिशीत होतो. संस्थेच्या घटनेत 15 दिवस लिहिले असतील तर 12 दिवसांची नोटीस चालत नाही. वर्षभराचं इतिवृत्त एका बैठकीत, एकाच पेनाने लिहून काढलेलं असेल, तर हरकत घेणाऱ्याच्या ते पहिल्या नजरेत भरतं.

आता पैशांकडे ये. समज, 30 जण राहतात आणि महिन्याचा खर्च 4 लाख आहे. त्यातले दीड लाख सरकारी अनुदानातून येणार असतील आणि अनुदान नऊ महिने रखडलं, तर साडेतेरा लाख तुला मधल्या काळात कुठून तरी उभे करावे लागतात. अशा वेळी अध्यक्ष भल्या मनाने स्वतःचे हातउसने देतात. तसं घेऊ नकोस. विश्वस्तांनी संस्थेसाठी कर्ज काढायचं तर त्याच अधिनियमाच्या कलम 36अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. त्याऐवजी सहा महिन्यांचे पगार, किराणा आणि औषधं एवढी रक्कम वेगळ्या ठेवीत हवी. एका वर्षात जमणार नाही, चार-पाच वर्षं धर. ठेव अनुसूचित बँकेत किंवा पोस्टात. ओळखीची पतसंस्था एक टक्का जास्त देते म्हणून तिकडे जाऊ नकोस, कलम 35 मध्ये ते बसत नाही. कायम निधीसाठी (मुद्दल न मोडता ठेवायच्या रकमेसाठी) देणगी घेताना देणगीदाराकडून तसं लेखी घे. नुसतं तोंडी सांगणं आयकरात धरत नाहीत. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारी निधीचा, प्रस्ताव करताना शिलाई यंत्रांच्या किमतीबरोबर शिक्षिकेचा पगार, वीज आणि हिशेबनिसाचा वाटाही मांड. यंत्रं येतात आणि शिकवणारी नसते म्हणून खोलीत धूळ खात पडतात.

सगळ्यात जास्त जपायचं आहे ते आजन्म सांभाळण्याच्या वचनाला. आईवडील थकलेले असतात, पाच लाख पुढे करतात आणि म्हणतात, ‘आमच्यानंतर याला तुम्हीच बघा.’ नाही म्हणणं फार जड जातं. तरी कागद घेऊन बस. पाच लाखांवर 7 टक्क्यांनी वर्षाला 35 हजार, म्हणजे महिन्याला 2,900 च्या आसपास. वरच्या हिशेबात एका माणसाचा महिन्याचा खर्च 13,300 येतो. दरमहा दहा हजारांवर तूट, आणि मुलगा आज 28 वर्षांचा आहे. महागाई आणि म्हातारपणाचं आजारपण यात अजून धरलेलंच नाही. अशी दहा वचनं दिलेली संस्था पुढची मुलं घेऊ शकत नाही आणि आहेत त्यांनाही नीट ठेवू शकत नाही. म्हणून अशा प्रत्येक प्रवेशाचा हा हिशेब विश्वस्त मंडळापुढे लेखी ठेव. तूट कोण भरणार हे ठरल्याशिवाय ठराव होऊ देऊ नकोस.

मंडळात पालक आहेत, ठीकच आहे. पण दिव्यांग व्यक्ती किती? निदान दोन जागा ठेव, आणि विषयपत्रिका त्यांना वाचता येईल अशी दे. अंध सदस्याला स्कॅन केलेला फोटो पाठवून उपयोग नाही, टाईप केलेली फाईल लागते. कार्यशाळेत राहणाऱ्यांची महिन्यातून एक बैठक घे. जेवण, मोबाईल, घरी जाणं, कोणाशी पटत नाही हे चित्रांच्या कार्डांवरून विचार आणि त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत मंडळाच्या इतिवृत्तात घाल. संस्था ज्यांच्यासाठी आहे त्यांना डावलून घेतलेले निर्णय मला मान्य नाहीत, आणि तुलाही नसावेत.

नोंदण्यांच्या मुदती एका तक्त्यावर लिहून कपाटाच्या दारावर लाव: दिव्यांग हक्क अधिनियम 2016 खालचं प्रमाणपत्र, राष्ट्रीय न्यासाकडची (बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या केंद्रीय संस्थेकडची) नोंदणी, संस्थेच्या आणि देणगीदारांच्या आयकर सवलतीच्या नोंदण्या (1961 च्या कायद्यातल्या 12अ आणि 80जी), असेल तर परदेशी देणग्यांसाठीची एफसीआरए नोंदणी. प्रत्येकापुढे सहा महिने आधीची तारीख लाल शाईने.

आणि 18 वर्षांवरच्या प्रत्येकाची फाईल उघडून बघ, कायदेशीर पालक नेमलेला आहे का. मूल सज्ञान झाल्यावर आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. ज्यांचे पालक सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांच्या फाईली आधी काढ. या महिन्यातच.

कळावे.