विलिंगबरोचं घर की वेस्ट विंडसरचं टाउनहाउस?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दोघंही एच-१बीवर (अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर), मुलगी चार वर्षांची, करानंतर महिन्याला हातात ९,२०० डॉलर, शिल्लक १ लाख १० हजार. समोर दोन घरं आहेत. न्यू जर्सीतल्या विलिंगबरोत १९६१ सालचं स्वतंत्र घर ३ लाख ४० हजाराला, आणि वेस्ट विंडसरमध्ये टाउनहाउस ६ लाख ६० हजाराला. टाउनहाउससाठी ४०१(के)मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या बचत खात्यातून, ३० हजारांचं कर्ज काढायची तुमची तयारी आहे, कारण ओळखीचे सगळे म्हणतात, "विलिंगबरोत काळ्यांची वस्ती आहे, तिथे भाव वाढत नाहीत."

आधी हिशेब. साडेसहा टक्के व्याज, तीस वर्षं मुदत धरली आहे. विलिंगबरोत वीस टक्के भरलेत तर हप्ता साधारण १,७२० येतो. तुम्ही कळवलेला प्रॉपर्टी टॅक्स आणि विमा धरून महिन्याला २,५००. क्लोजिंगचा, म्हणजे खरेदी पूर्ण करतानाचा, खर्च जाऊनही तीसेक हजार बँकेत राहतात. टाउनहाउसला पंधरा टक्के भरून नुसता हप्ताच ३,५४५. त्यावर टॅक्स, सोसायटीची वर्गणी, दोन्ही विमे (घराचा, आणि वीस टक्क्यांपेक्षा कमी भरल्यामुळे लागणारा कर्जाचा) आणि ४०१(के)ची परतफेड धरली की आकडा ६,०००च्या घरात जातो. उरलेल्या ३,२००मध्ये डेकेअर, दोन गाड्या, किराणा आणि गावी आईबाबांना पाठवायचे पैसे बसवायचे.

मला खरी काळजी तुमच्या व्हिसाची आहे. एच-१बीवर नोकरी गेली की दुसरी शोधायला हातात जास्तीत जास्त साठ दिवस असतात. त्याच वेळी ४०१(के)चं उरलेलं कर्जही अंगावर येतं: त्या वर्षीचं टॅक्स रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत ते फेडलं नाही, तर त्या रकमेवर कर आणि तुमच्या वयात वर दहा टक्के दंड. दोन्ही संकटं एकापाठोपाठ दारात उभी राहतील, आणि तेव्हा बँकेत फारसं काही नसेल.

आता "भाव वाढत नाहीत" याबद्दल. हे वाक्य ज्या गावाबद्दल तुम्हाला ऐकवलं जातंय, त्या गावाने ते फार सोसलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांना सरकारी हमीवर गृहकर्ज मिळू लागलं आणि लेव्हिट कंपनीने शेतजमिनींवर एकसारख्या घरांची उपनगरं उठवली. पहिलं न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ साली, दुसरं पेनसिल्व्हेनियात, तिसरं हे विलिंगबरो. काळ्या कुटुंबांना घर विकायचं नाही, हा कंपनीचा नियम. कर्जाला विमा देणारं सरकारी खातंही मिश्र वस्ती म्हणजे जोखीम असंच मानत होतं. पेनसिल्व्हेनियात १९५७ साली मायर्स कुटुंब राहायला आलं, तर त्यांच्या घरासमोर जमाव जमला, दगड पडले. विलिंगबरोत विली जेम्स नावाच्या काळ्या लष्करी अधिकाऱ्याला घर नाकारलं, तेव्हा तो राज्य सरकारच्या भेदभावविरोधी विभागाकडे गेला. १९६० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की भेदभाव चालणार नाही, आणि गाव सगळ्यांना खुलं झालं. तुमचं घर त्याच्या पुढच्याच वर्षीचं.

पुढे काळी कुटुंबं वाढली तशी गोऱ्यांनी घाबरून घरं विकू नयेत म्हणून गावाने १९७४ साली अंगणातल्या 'विकणे आहे' पाट्यांवरच बंदी घातली. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली ती रद्द केली. निकाल लिहिला थरगुड मार्शल यांनी, ज्यांनी वकील म्हणून काळ्यांना घर विकायचं नाही अशा वंशभेदी करारांविरुद्ध लढे दिले होते. घबराटीने विक्री चालल्याचा पुरावाच गावाला दाखवता आला नव्हता.

अशा भागांत भाव मंद वाढतात तेव्हा त्यात घराचा दोष किती आणि भीतीने गिऱ्हाईक फिरकलं नाही याचा वाटा किती, हे बघा. घरांच्या विक्रीतल्या भेदभावाविरुद्धच्या १९६८च्या कायद्यापासून एजंटला वस्तीच्या रंगावरून गिऱ्हाईक वळवायला बंदी आहे; तेच काम आपली माणसं गणपतीच्या जेवणावळीत करतात, याचं मला वाईट वाटतं. आपल्यासाठी या देशाचं दार १९६५च्या इमिग्रेशन कायद्याने उघडलं, आणि तो नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेतच झाला.

तरीही भाव मंद वाढू शकतो हे मी नाकारत नाही. म्हणून विलिंगबरोचं घर गुंतवणूक म्हणून घेऊ नका, राहायला घ्या. दोन घरांतल्या ३,५०० डॉलरच्या फरकातून ४०१(के) वाढवा, मुलीच्या शिक्षणासाठी ५२९ बचत खातं उघडा.

शाळेची चिंता मात्र खरी आहे. वेस्ट विंडसरच्या शाळांचं नाव आहे आणि तुम्ही त्यासाठीच तिकडे ओढले जाताय. पण मुलगी अजून चार वर्षांची आहे. विलिंगबरोच्या शाळेत स्वतः जा, मुख्याध्यापकांना भेटा, वर्ग बघा. मन भरलं नाही, तर फरकाच्या पैशातून खासगी शाळेची फी निघू शकते, किंवा चार-पाच वर्षांनी घर बदलता येईल.

माझा कौल विलिंगबरोला, पण एका अटीवर. लेव्हिटच्या घरांना तळघर नसतं. काँक्रीटच्या लादीवर घर उभं असतं आणि सांडपाण्याचा पाइप त्या लादीखालून जातो. साठ वर्षांचा जुना पाइप फुटला तर फरशी फोडावी लागते. इन्स्पेक्शनमध्ये त्या पाइपात कॅमेरा घालायला सांगा, त्याचे वेगळे पैसे पडले तरी. विजेचं पॅनल आणि छताचं वय विचारा. घर १९७८ आधीचं आहे, त्यामुळे शिशाच्या रंगाबद्दल माहिती असेल ती विक्रेत्याने लेखी द्यावीच लागते. चार वर्षांचं मूल घरात असताना तो कागद नीट वाचा. आणि एखाद्या संध्याकाळी सातच्या सुमारास त्या गल्लीतून मुलीला घेऊन चालून या, शेजाऱ्यांशी बोला.

कॅमेऱ्याचा रिपोर्ट आला की मला पाठवा. पाइप बदलायचा निघाला तर तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागू. तोवर ४०१(के)ला हात लावू नका.