तत्त्वज्ञानाची पुस्तके घरी वाचता येतात, मग त्यासाठी विद्यापीठात का जावे?

आपण लिहिता की आपल्याला तत्त्वज्ञानात पदवी घ्यायची आहे, परंतु घरच्यांचे म्हणणे असे की हे सगळे ग्रंथ घरी बसून वाचता येतात, त्यासाठी विद्यापीठात वर्षे घालवू नयेत; शिवाय पुढे नोकरीचे काय, अशीही त्यांना काळजी आहे. यातल्या पहिल्या आक्षेपाला मी माझ्याच घरात कित्येक वर्षे उत्तर देत आले आहे, त्यामुळे आधी त्याविषयी लिहिते.

माझे थोरले काका व्यासंगी गृहस्थ आहेत. प्लेटो, ह्यूम, कांट, शांकरभाष्य असे पुष्कळ काही त्यांनी नोकरी सांभाळून स्वतःच्या बळावर वाचले. मी तत्त्वज्ञानाला प्रवेश घेतला तेव्हा त्यांनी मला समोर बसवून सांगितले, ‘पुस्तके आण, घरी वाच, आणि विद्यापीठाची वर्षे पोटापाण्याच्या विषयाला दे.’ त्यांच्या वाचनाविषयी मला मनापासून आदर आहे, पण हे मत मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. एकट्याने वाचणारा माणूस बहुधा मते गोळा करतो, कारण त्याला मधेच अडवणारे, ‘हे कशावरून?’ असे विचारून उत्तर मिळेपर्यंत न सोडणारे समोर कोणी नसते, आणि तत्त्वज्ञानाचा अभ्यास तर या अडवण्यातच घडतो.

पदवीच्या शेवटच्या वर्षी ज्ञानमीमांसा (ज्ञान म्हणजे काय आणि ते कशावरून मिळते याचा विचार) शिकवणाऱ्या आमच्या बाईंनी फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याचा ‘मेडिटेशन्स’ (चिंतने) हा ग्रंथ लावला होता. ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ हे सूत्र सर्वांना ठाऊक असते आणि त्यामुळे सर्व जगाकडे पाठ फिरवून खोलीत एकटाच चिंतन करणारा देकार्त आपल्या डोळ्यांसमोर असतो. प्रत्यक्षात हा ग्रंथ १६४१ मध्ये छापला गेला तो सहा आक्षेपमालिका आणि त्यांना देकार्तने दिलेली उत्तरे यांच्यासह. मेर्सेन या मित्रामार्फत त्याने आपले हस्तलिखित विद्वानांकडे मुद्दाम पाठवले होते. त्यांच्यात हॉब्ज होता, गासेंदी होता आणि तिशीही न गाठलेला आंत्वान आर्नो होता. पुढच्याच वर्षीच्या आवृत्तीत सातवी मालिका जोडली गेली. आक्षेप आणि उत्तरे मिळून होणारा मजकूर मूळ चिंतनांच्या कितीतरी पट मोठा आहे.

बाईंनी वर्गात जोड्या लावल्या. माझ्याकडे आर्नोचा आक्षेप आला आणि माझ्या मैत्रिणीकडे देकार्तचा बचाव. आक्षेप थोडक्यात असा आहे: जे आपल्याला स्पष्टपणे आणि विविक्तपणे (म्हणजे इतर कशाशी गल्लत न होता) प्रतीत होते ते सत्यच असते याची हमी देकार्त ईश्वराच्या अस्तित्वावरून देतो, पण ईश्वर आहे हे तो कशावरून सांगतो, तर ते आपल्याला स्पष्टपणे आणि विविक्तपणे प्रतीत होते यावरून. हा उघड अन्योन्याश्रय दोष आहे, दोन विधाने एकमेकींच्याच आधारावर उभी आहेत. पहिल्या आठवड्यात मी तो अगदी जोमाने मांडला आणि वर्गालाही तो पटला.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी बाजू उलटवल्या. आता देकार्तचा बचाव मला करायचा होता, आणि त्यांची अट अशी की प्रतिपक्षाने ‘होय, माझे म्हणणे हेच आहे’ अशी मान्यता दिल्याखेरीज त्याच्या म्हणण्यावर एक शब्दही बोलायचा नाही. (आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्षाची, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडण्याची, शिस्त ती हीच. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या ‘विग्रहव्यावर्तनी’त सत्तर कारिका (श्लोक) आहेत आणि त्यांपैकी पहिल्या वीस त्याने आक्षेप घेणाऱ्याला दिलेल्या आहेत.) देकार्तच्या उत्तरातला जो भेद मी आठवडाभर पळवाट म्हणून बाजूला सारत होते, त्याच्यासाठीच आता मला उभे राहावे लागले. सिद्धता मनासमोर प्रत्यक्ष उभी असते तोपर्यंत तिच्याविषयी शंकाच घेता येत नाही, असे देकार्त म्हणतो. ईश्वराच्या हमीची गरज पडते ती सिद्धता नजरेआड होऊन ‘आपण हे कधीतरी सिद्ध केले होते’ एवढीच आठवण उरल्यावर.

मी हे मांडले, आणि आता आर्नोच्या बाजूने बसलेल्या मैत्रिणीने थोडा वेळ विचार करून विचारले, ‘पण ईश्वराच्या अस्तित्वाची सिद्धताच लांबलचक आहे. शेवटच्या पायरीवर पोहोचेपर्यंत पहिली पायरी आठवणीतच गेलेली असणार. मग त्या आठवणीची हमी कोण देणार?’ उरलेला तास या एकाच प्रश्नावर गेला. पायऱ्या पुनःपुन्हा गिरवल्या की सगळी सिद्धता एका दृष्टिक्षेपात धरता येते, असे मी म्हणत राहिले. धरता येते हे तुला कसे कळले, असे ती विचारत राहिली. शेवटी बाईंनी सांगितले की १६४८ मध्ये फ्रान्स बुर्मान नावाचा एक तरुण विद्यार्थी देकार्तला भेटला आणि त्याने थेट त्यालाच जवळजवळ हीच शंका विचारली. मन एका वेळी एकाहून अधिक गोष्टींचा विचार करू शकते आणि म्हणून संपूर्ण सिद्धता एकदम पाहू शकते, असे देकार्तने त्याला उत्तर दिले होते. माझ्या मैत्रिणीने बुर्मानचे नावही ऐकलेले नव्हते. समोर कोणीतरी ठामपणे बचाव करत होते म्हणून ती त्या प्रश्नापर्यंत पोहोचली होती. विद्यापीठाने मला काय दिले असे कोणी विचारले की मी हा तास सांगते आणि अभिमानाने सांगते.

त्या तासानंतर सर्वांना निबंध लिहावा लागला. बाई निबंध परत द्यायच्या तेव्हा त्यातल्या प्रत्येक ‘म्हणून’भोवती पेन्सिलीने गोल काढलेला असे आणि समासात आधीच्या कोणत्या विधानांवरून हा निष्कर्ष निघतो त्यांचे क्रमांक लिहिण्यासाठी रिकामी जागा सोडलेली असे. ती जागा भरून निबंध पुन्हा द्यावा लागे. तर्कशास्त्राची पुस्तके मी आधीही वाचली होती, परंतु स्वतःच्या वाक्यांवर ते शास्त्र चालवण्याची सवय मला त्या समासांनी लावली.

पुढे एकदा काकांशी पुन्हा याच विषयावर बोलणे झाले तेव्हा मी त्यांची देकार्तची प्रत पाहायला मागितली. त्या आवृत्तीत फक्त सहा चिंतने होती. आक्षेप आणि उत्तरे वगळलेली होती, जशी ती बाजारातल्या अनेक सुट्या आवृत्त्यांत वगळलेली असतात. ‘मूळ ग्रंथ वाचला की पुरे, दुसऱ्यांचे आक्षेप घेऊन काय करायचे?’ असे ते म्हणाले. आक्षेप हा मूळ ग्रंथाचाच भाग आहे, खुद्द लेखकाने तो तिथे ठेवलेला आहे, आणि आर्नोने दाखवलेल्या त्रुटींमुळे देकार्तने आपल्या मजकुरात दुरुस्त्याही केल्या, हे मी सांगितले, पण त्यांना ते पटले नाही. आम्हा दोघांतला हा वाद आजही मिटलेला नाही, आणि आपला प्रश्न वाचताच तो माझ्या मनात पुन्हा जागा झाला, हे मान्य करते.

नोकरीविषयी स्पष्टच सांगते. केवळ तत्त्वज्ञानाच्या पदवीवर कोणी बोलावून नोकरी देत नाही, अध्यापनाच्या जागा थोड्या असतात आणि त्यांच्यासाठी संशोधनाची बरीच वर्षे द्यावी लागतात. घरची आर्थिक स्थिती ताणलेली असेल तर कायदा, संगणकशास्त्र, भाषा किंवा अर्थशास्त्र यांपैकी एखादा विषय सोबत घ्यावा. तर्कशास्त्र संगणकशास्त्राला आणि नीतिशास्त्र कायद्याला चांगले पूरक ठरते. यापुढचा निर्णय आपल्याला आपली परिस्थिती पाहूनच घ्यावा लागेल.

मी वर जे लिहिले ते सर्वच विभागांना लागू पडत नाही. जिथे टिपणे उतरवून घ्यायची, मार्गदर्शिका पाठ करायची आणि परीक्षेत ‘देकार्तची संशयपद्धती स्पष्ट करा’ याचे ठरलेले उत्तर लिहायचे एवढेच चालते, तिथे माझे काका बरोबर ठरतात आणि घरी वाचणेच श्रेयस्कर ठरते. विद्यापीठाबाहेरही थोर तत्त्वज्ञान झालेले आहे, हेही नाकारता येत नाही. ह्यूमला एडिंबराचे प्राध्यापकपद मिळाले नाही आणि १६७३ मध्ये हायडेलबर्गहून आलेले अध्यासन स्पिनोझाने स्वतःच नाकारले. मात्र स्पिनोझाचे उदाहरण काका नेहमी देतात म्हणून सांगते की, त्याच्या विचारांचे कच्चे खर्डे ॲम्स्टरडॅममधील मित्रांचे एक मंडळ एकत्र बसून वाचत असे आणि जे कळले नाही ते पत्राने त्याला विचारत असे. १६६३ मधले असे एक पत्र आज उपलब्ध आहे. तेव्हा तोही एकटा नव्हता.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी विचाराव्यात: मूळ ग्रंथ वर्गात ओळीने वाचले जातात का, आणि निबंध शेरे लिहून परत मिळतात का. दोन्हींचे उत्तर ‘नाही’ आले तर दुसरा विभाग शोधावा. आणि घरच्यांना पुस्तक आणून द्यायचेच असेल तर त्यांनी आपल्याला देकार्तची आक्षेपांसहित असलेली आवृत्ती द्यावी, आर्नोच्या आक्षेपाला उत्तर लिहायला सांगावे, आणि ते उत्तर खोडून काढणारे कोणी घरात आहे का ते पाहावे. असे कोणी मिळाले तर ‘घरी बसून वाच’ हा त्यांचा सल्ला विचारात घेण्यासारखा आहे, हे मी मान्य करीन.