डॉक्टर म्हणतात बिलिंगला विचारा, बिलिंगवाले म्हणतात डॉक्टरांना विचारा. ऑपरेशनचा खर्च नक्की विचारायचा कोणाला?

वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय आणि आकडा कुणीच सांगत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी पुण्यात खासगी हॉस्पिटलमध्ये १४ वर्षं स्टाफ नर्स आहे. तुम्हाला मुद्दाम टोलवताहेत असंच नाही. बऱ्याचदा समोरच्याला खरंच माहीत नसतं. मलाही नसायचं.

वॉर्डातून आम्ही इंडेंट, म्हणजे औषधांची मागणी, टाकतो, फार्मसीतून ट्रे येतो, वापरलेलं पेशंटच्या खात्यावर चढतं. यात दर कुठेच दिसत नाही. एकदा रात्रपाळीला मी मेरोपेनेम या अँटिबायोटिकचं इंजेक्शन तयार करत होते. आजोबांचा मुलगा हळूच म्हणाला, "सिस्टर, ही बाटली केवढ्याची?" दिवसातून तीनदा मी ती देत होते, पण मला सांगता येईना. बाटली फिरवून छापील किंमत वाचून दाखवली. त्याने मोबाइलवर गुणाकार केला आणि काही न बोलता बाहेर गेला. सकाळी राउंडला मी सरांना हे सांगितलं, तर त्यांनी तेच औषध दुसऱ्या, बऱ्याच स्वस्त ब्रँडचं लिहून दिलं. दोन ब्रँडमध्ये इतका फरक आहे हे त्यांनाही तोवर ठाऊक नव्हतं. हे आठ दिवस आधी व्हायला हवं होतं, याची मला आजही टोचणी आहे.

आता तुमचं. आकड्याचा अर्धा भाग सर्जनकडे असतो, अर्धा बिलिंगकडे. म्हणून आधी सर्जनकडून कागदावर लिहून घ्या: ऑपरेशन ओपन की दुर्बिणीतून, हर्नियाच्या जागी बसवायची जाळी कोणत्या प्रकारची, ती पक्की करायला टॅकर (जाळी टाचायचं उपकरण) लागणार का, भूल कोणती, किती दिवस राहावं लागेल. जाळी आणि टॅकरनेच हर्नियाच्या बिलात मोठा फरक पडतो. तो कागद घेऊन बिलिंगला जा आणि प्रत्येक रूमप्रमाणे लेखी एस्टिमेट मागा.

रूमचं मात्र नीट ऐका. बऱ्याच हॉस्पिटलांत रूम जितकी वरची, तितकी डॉक्टरांची व्हिजिट आणि ऑपरेशनची फीही वाढते. आईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला मी तिला शांत झोप लागावी म्हणून ६,००० रुपयांची रूम घेतली. पॉलिसी ३ लाखांची, रूमभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. विमा कंपनीने नुसतं भाडंच नाही, तर सर्जनची फी, भूलतज्ज्ञांची फी आणि ऑपरेशन थिएटरचे चार्जेसही त्याच प्रमाणात निम्म्यावर आणले. औषधं आणि तपासण्या तेवढ्या या कपातीतून सुटल्या. तेव्हा पॉलिसीतली ती एक ओळ अ‍ॅडमिशनच्या आधी वाचा.

महाराष्ट्रात जानेवारी २०२१ च्या नियमांनुसार खासगी हॉस्पिटलला दरफलक लावावा लागतो आणि तपशीलवार बिल मिळणं हा पेशंटचा हक्क आहे. फलक दिसला नाही तर विचारायला संकोच करू नका. हॉस्पिटल धर्मादाय असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. वडिलांचं उत्पन्न त्यात बसत असेल तर उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकांना भेटा. राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत हॉस्पिटल आहे का आणि हे ऑपरेशन तिथे त्यात होतं का, हे योजनेचे मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, सांगतील.

आणि वॉर्डात आल्यावर सिस्टरला बेधडक विचारा. आमच्या नर्सिंग स्टेशनवर आता नेहमीच्या २० औषधांचे ब्रँड आणि दर लिहिलेला कागद चिकटवलेला आहे. आरएमओ (वॉर्डातले निवासी डॉक्टर) औषधांची ऑर्डर लिहिण्याआधी तो बघतात.