आई-बाबांना थायलंडला पाठवण्याआधी

अनेक आशीर्वाद.

निवृत्तीनंतर चियांग माईला बिऱ्हाड करायचं आणि त्यासाठी कोथरूडचा फ्लॅट विकायचा, असं तुमच्या घरी ठरत आलंय. आई-बाबांना जरूर जाऊ दे, पण फ्लॅट विकू नका. थायलंडचा निवृत्ती व्हिसा म्हणजे दर वर्षी नव्याने मागायची परवानगी. दहा वर्षं मिळाली म्हणून अकराव्या वर्षी मिळेलच असं नाही. दोघांतला एक देवाघरी गेला की मागे राहिलेल्याला बहुतेक वेळा पुण्यालाच यावं लागतं, आणि तोवर विकलेल्या पैशांत इथे पुन्हा घर होत नाही. म्हणून प्रत्येक निर्णयाच्या वेळी परतीची वाट मोकळी राहते का, ते आधी बघ.

वयाची ५० पूर्ण झालेल्यांना दोन वाटा आहेत. ‘ओ-ए’ व्हिसा भारतातूनच काढायचा. त्याला पोलिसांचा दाखला, वैद्यकीय दाखला आणि किमान ३० लाख बाटचा आरोग्य विमा लागतो. दुसरी वाट ‘ओ’ व्हिसाची. ९० दिवसांचा व्हिसा घेऊन जायचं, तिथल्या बँकेत ८ लाख बाट ठेवायचे आणि १,९०० बाट भरून वर्षाची मुदतवाढ मागायची. दरमहा ६५,००० बाट उत्पन्न दाखवूनही काम होतं, पण इथल्या पेन्शनवर ते बहुतेकांना झेपत नाही.

बाट अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान धर, म्हणजे ठेव झाली २० ते २४ लाखांची. हे पैसे खर्चाचे नाहीत, हे बाबांच्या मनावर ठसव. अर्जाआधी दोन महिने आणि मुदतवाढ मिळाल्यावर तीन महिने खात्यात पूर्ण ८ लाख बाट हवेत, बाकीच्या काळात ४ लाखांच्या खाली जाता कामा नये. बहुतेक घोटाळे इथेच होतात. हॉस्पिटलचं बिल येतं, माणूस घाईत याच खात्यातून पैसे काढतो, आणि पुढच्या वर्षी पासबुकातली ती एक नोंद मुदतवाढ अडवते. आजारपणाची रक्कम पहिल्या दिवसापासून दुसऱ्या खात्यात ठेवा.

पैसे पाठवताना टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ कापलेला आयकर, लागतो. एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलर पाठवता येतात, पण अशा कामासाठी १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक सध्या २० टक्के कापते. २४ लाख एकदम पाठवलेस तर २ लाख ८० हजार अडकतील. विवरणपत्रात ते वळते होतात, पण तोवर हाताशी नसतात. १० लाख मार्चमध्ये, १० लाख एप्रिलमध्ये पाठव आणि उरलेले आईच्या बचतीतून तिच्या पॅनवर जाऊ देत.

तिथल्या आयकराकडेही लक्ष हवं. वर्षात १८० दिवस थायलंडमध्ये राहिलं की १ जानेवारी २०२४ नंतर बाहेर कमावलेलं आणि तिथे आणलेलं उत्पन्न करपात्र ठरतं. त्याआधीची बचत सुटते, पण ती आधीची आहे हे दाखवावं लागतं. बँकेकडून ३१ डिसेंबर २०२३ रोजीच्या सगळ्या शिलकी आणि मुदत ठेवींचं शिक्क्याचं पत्र आत्ताच घेऊन ठेव.

दर ९० दिवसांनी पत्त्याची नोंद करावी लागते. पंधरा दिवस आधीपासून सात दिवस नंतरपर्यंत मुभा असते, चुकलं की दंड. त्याहून महाग पडते ती गणपतीची वारी. मुदतवाढीवर असताना री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याची परवानगी, न काढता देश सोडला, तर विमान उडालं की ती मुदतवाढ रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. एका फेरीचं परमिट १,००० बाट, कितीही फेऱ्यांचं ३,८००. विमानतळावरही मिळतं, पण आधीच काढलेलं बरं.

इथली आरोग्य पॉलिसी बंद पडू देऊ नकोस. ती बहुधा परदेशातला खर्च देत नाही, त्यामुळे हप्ता वाया जातोय असं बाबांना वाटेल. पण सत्तरीत परत येऊन नवी पॉलिसी घेतली, तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं, आणि त्या वयात नेमकी तीच वर्षं कठीण असतात.

जागेबद्दल. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तर थायलंडमध्ये शेतं आणि जंगलं पेटतात. धूर चियांग माईच्या खोऱ्यात साचतो आणि शहराला लागून असलेला डोई सुथेप डोंगर दिसेनासा होतो; पर्वतीवर उभं राहून समोरचा सिंहगड गायब व्हावा, तसं. बाबांना दमा असेल तर ते तीन महिने दुसरीकडे काढायची सोय हवी. दक्षिणेला फुकेतकडे मे ते ऑक्टोबर पाऊस, समुई बेटावर ऑक्टोबर ते डिसेंबर. खाण्याचं म्हणशील तर भाज्यांतही माशाचा सॉस असतो. लाल अक्षरांचा पिवळा झेंडा दिसला की तिथे ‘जे’, म्हणजे पूर्ण शाकाहारी, जेवण मिळतं, त्यात कांदा-लसूणही नसतो. आईला ते आवडेल.

फ्लॅट भाड्याने देताना करार नोंदवा. आई-बाबा अनिवासी ठरले की भाडेकरूला भाड्यातून ३१.२ टक्के कर कापून भरावा लागतो. हे आधी सांगितलं नाही तर भाडेकरूला पुढे नोटीस येते आणि भांडण होतं. तुझ्या नावाचं मुखत्यारपत्र ते निघण्याआधी दुय्यम निबंधकांकडे नोंदव. बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासींची खाती, करून घ्यायला बँकेला कळव.

सगळ्याआधी दोघांना येत्या मार्चमध्ये महिनाभर तिथे भाड्याने राहायला पाठव. खोली घेताना विजेचा दर विचारायला सांग. सरकारी दर चार-पाच बाटच्या आसपास असतो, घरमालक सात-आठ लावतात आणि एसीमुळे बिल भाड्याच्या जोडीने वाढतं.

आईला बाबांवर अवलंबून असलेली पत्नी म्हणून राहायचं तर लग्नाचा नोंदणी दाखला लागेल. त्या पिढीतल्या कित्येकांकडे तो नसतोच, फक्त पत्रिका आणि फोटो असतात. नसेल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात नोंदणी करून घ्या. असेल तर दोघांचे पासपोर्ट काढ आणि शेवटच्या पानावरची जोडीदाराची नावं दाखल्याशी अक्षरन् अक्षर जुळतात का, ते आज रात्रीच बघ.