मलपृष्ठच म्हणा

प्रश्न असा आला आहे: ‘विज्ञानकथांच्या पुस्तकांची आणि मासिकांची मुखपृष्ठे रंगवणाऱ्या चित्रकारांवर लेख लिहितो आहे. पुस्तकाच्या मागच्या बाजूला ‘मलपृष्ठ’ म्हणायला जीभ अडखळते, कारण मल म्हणजे घाण. त्याऐवजी ‘मागचे मुखपृष्ठ’ लिहिले तर चालेल का? आणि कथेबरोबर आत छापलेल्या चित्रांना ‘सजावट’ म्हणावे का?’

दोन्ही प्रश्नांना उत्तर एकच: नाही.

‘मागचे मुखपृष्ठ’ ऐकून कान किटले आहेत. प्रकाशन समारंभात ऐकू येते, परीक्षणांत वाचायला मिळते, श्रेयनामावलीत छापलेले दिसते. मुख मागे कसे असेल? शब्द उच्चारताना त्याची फोड कानावर पडत असते, ती ऐकायची तसदी कुणी घेत नाही. दुसरा एक गट ‘पार्श्वपृष्ठ’ सुचवतो. हा गट स्वतःला शुद्धतेचा कैवारी समजतो, म्हणून त्याचा राग अधिक येतो. पार्श्व म्हणजे कूस, बरगडीची बाजू. ‘पार्श्वभूमी’ चित्रात मागे दिसते एवढ्यावरून पार्श्वचा अर्थ ‘मागचा’ ठरवून टाकला. चांगला रुळलेला शब्द काढायचा आणि त्याच्या जागी चुकीचा संस्कृत शब्द बसवायचा, हा उद्योग बंद व्हावा.

आता मल. विष्ठा, कान-नाकाचा मळ हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडून देऊ. पोथी डोळ्यांसमोर आणा. सुटी पाने, बांधणी नाही. पहिल्या पानाची वरची बाजू कोरी ठेवून मजकूर त्याच पानाच्या आतल्या बाजूपासून सुरू करायचा, ही हस्तलिखितांची जुनी रीत. कारण उघड आहे: वरच्या बाजूला हात लागणार, तेलाचे बोट लागणार, धूळ बसणार. मोनिअर-विल्यम्स यांच्या 1899 च्या संस्कृत-इंग्रजी कोशात मलपृष्ठाचा अर्थ ‘ग्रंथाचे पहिले किंवा बाहेरचे पान’ असा दिला आहे, आणि मळण्याची शक्यता हेच नावाचे कारण सांगितले आहे. म्हणजे हा शब्द मळलेल्या पानाचा नाही. आतल्या पानांचा मळ स्वतःवर घेणाऱ्या पानाचा तो आहे. ‘मळखाऊ रंग’ म्हणताना आपल्याला किळस येत नाही, मग मलपृष्ठाचीच का यावी?

पाहा, कोशातला अर्थ ‘पहिले किंवा बाहेरचे’ असा आहे, ‘शेवटचे’ असा नाही. मग मराठीत हा शब्द फक्त मागच्या बाजूला कसा गेला? माझे मत असे: छापील पुस्तकाच्या पुढच्या बाजूवर नाव आले, चित्र आले, तिला ‘मुख’ मिळाले, आणि जुने नाव मागे सरकून उरलेल्या बाजूला चिकटले. भाषेत हे नेहमी घडते. नवा शब्द आला की जुना हद्दपार होत नाही, थोडा आकसतो.

‘पृष्ठ’ तर याहून गोड आहे. पृष्ठ म्हणजे मुळात पाठ, शरीराची पाठ. मराठी ‘पाठ’ थेट पृष्ठापासून आली. कागदाच्या दोन्ही बाजूंना आपण ‘पाठपोट’ म्हणतो, तिथे ही शरीराची आठवण अजून जागी आहे. आणि ‘पुठ्ठा’? तोही त्याच घरातला. बैलाचे, घोड्याचे पुठ्ठे म्हणजे मागचा भरलेला भाग, आणि पुस्तकाचा पुठ्ठा म्हणजे त्याची जाड पाठ. इंग्रजीने ‘पेपरबॅक’मध्ये पाठच आणली, आपण ‘पुठ्ठाबांधणी’मध्ये. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता पुस्तकाला पाठ दिली. मुखपृष्ठ म्हणजे शब्दशः ‘तोंडाकडची पाठ’. एकाच समासात तोंड आणि पाठ दोन्ही मावतात, आणि तरीही लोकांना त्याला आणखी एक ‘मागचे’ जोडावेसे वाटते!

तुमच्या विषयाशी याचा संबंध आहे, आणि तो वरवरचा नाही. इंग्रजीत पुस्तकावरच्या सुट्या वेष्टनाला ‘डस्ट जॅकेट’ म्हणतात. धुळीचे जाकीट. कल्पना तीच, मलपृष्ठाची. एकोणिसाव्या शतकात बहुतेक वेष्टने म्हणजे साधा कागद असायचा, पुस्तक घरी आले की तो काढून टाकायचे. त्याच टाकाऊ जागेवर पुढे चित्रकार आले. विज्ञानकथांच्या मासिकांचे नाव तर लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावरूनच पडले, पल्प. आतला कागद खरबरीत आणि पिवळा पडणारा, बाहेर तेवढा चकचकीत रंगीत कागद. त्यावरची मूळ चित्रे छपाईनंतर कित्येकदा जपलीच गेली नाहीत. कचरा म्हणून गेली. आज जुन्या कादंबरीची पहिली आवृत्ती वेष्टनासकट मिळाली तर तिचे मोल कित्येक पटींनी वाढते. मळ झेलायला ठेवलेला कागद आतल्या पुस्तकाहून महाग झाला. अशा लेखात ‘मलपृष्ठ’ शब्द टाळायचा म्हणजे या कलेचा जन्म कुठे झाला तेच लपवायचे.

मागच्या बाजूलाही या चित्रकारांनी मोकळे सोडलेले नाही. मासिकांचे मलपृष्ठ बहुधा जाहिरातींना जायचे. पण 1939 च्या मे महिन्यात ‘फँटॅस्टिक ॲडव्हेंचर्स’चा पहिला अंक निघाला तेव्हा त्याच्या मलपृष्ठावर फ्रँक आर. पॉल यांनी रंगवलेला मंगळावरचा माणूस उभा होता. एस या प्रकाशन संस्थेने 1952 पासून जोडकादंबऱ्या काढल्या: दोन कादंबऱ्या एका बांधणीत, एक सुलटी आणि एक उलटी, दोन्हीकडून मुखपृष्ठ. पुस्तक उलटे करून फिरवले की दुसरे पुस्तक सुरू. तिथे ‘दोन मुखपृष्ठे’ हा प्रयोग अगदी बरोबर, कारण त्या पुस्तकांना मलपृष्ठच नाही. ‘मागचे मुखपृष्ठ’वाल्यांना मी एवढीच एक जागा मोकळी करून देतो.

आता ज्या शब्दासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो तो शब्द: चित्र.

चित्र म्हणजे रंगरेषांनी काढलेली आकृती, हा अर्थ नंतरचा. वेदात चित्र हे आधी विशेषण आहे: तेजस्वी, लखलखीत, चटकन नजरेत भरणारे. चित्रा नक्षत्राचे नाव त्यावरूनच. तिथला ठळक तारा, पाश्चात्त्यांचा स्पायका, आकाशात शोधावा लागत नाही. जर्मन भाषेत निरभ्र, उजळ, प्रसन्न या अर्थाचा ‘हायटर’ शब्द आहे, तो या शब्दाचा दूरचा भाऊ. तेजातून ठिपक्यांकडे, रंगीबेरंगीपणाकडे अर्थ गेला. चित्ता आणि चितळ ही दोन्ही जनावरे आपल्या कातडीवर हाच शब्द मिरवतात. ‘चित्रविचित्र’मध्ये आपण तो अजून जुन्या अर्थाने वापरतो.

व्युत्पत्तीवर मात्र एकमत नाही. उणादिसूत्रे, म्हणजे धातूंपासून शब्द कसे बनतात ते सांगणारी संस्कृत व्याकरणाची जुनी सूत्रे, चित्र शब्द ‘चि’ धातूपासून लावतात. चि म्हणजे रचणे, गोळा करणे. रचलेले ते चित्र, असे समाधान करून घेणारे बरेच आहेत. मला हे पटत नाही. मित्र, शस्त्र, अंत्र यांच्या ओळीत बसवण्यासाठी केलेली ती सोय आहे. चित्रा नक्षत्र कुणी रचले होते? वेदांतल्या शब्दांची फोड करणाऱ्या यास्काने आपल्या ‘निरुक्त’ या ग्रंथात चित्रचा अर्थ ‘चायनीय’ दिला, म्हणजे निरखून पाहावे असे. धातूच्या बाबतीत मी यास्काबरोबरही नाही, मी ‘चित्’ म्हणजे जाणवणे, लक्षात येणे याच्या बाजूचा आहे. पण अर्थ यास्कानेच पकडला. जे नजरेला थांबवते ते चित्र.

ऋग्वेदात सूर्योदयाची ऋचा आहे (1.115.1): ‘चित्रं देवानामुदगादनीकम्’. वेदांचे भाष्यकार सायणाचार्य इथे चित्रचा अर्थ ‘आश्चर्यकर’ देतात, आणि तिथे त्यांना माझा दंडवत. पण ‘अनीक’ म्हणजे ते समूह घेतात, तेजाचा समूह. इथे माझा विरोध आहे. अनीकचा जुना अर्थ मुख, चेहरा. देवांचे लखलखीत मुख वर आले, असे ते दृश्य आहे. चित्र आणि मुख एकाच ओळीत! मुखपृष्ठावरच्या चित्राला याहून जुना आणि देखणा आधार कुठून आणणार?

पाणिनीचे सूत्रही पाहा (3.1.19). त्यानुसार ‘चित्र’पासून ‘चित्रीयते’ असे क्रियापद बनते, आणि त्याचा अर्थ चित्र काढतो असा नाही. अर्थ आहे आश्चर्य वाटते. मराठीत ‘चित्तरकथा’ म्हणजे अजब, थक्क करणारी हकिगत. विज्ञानकथेचे रसिक ज्याला ‘सेन्स ऑफ वंडर’ म्हणतात आणि ज्याच्यासाठी मराठीत प्रतिशब्द शोधत फिरतात, तो ‘चित्र’च्या पोटात पहिल्यापासून आहे.

म्हणून मी म्हणतो की विज्ञानकथेच्या चित्रकारांनी चित्र शब्दाला त्याचा मूळ अर्थ परत दिला. ‘अमेझिंग स्टोरीज’ या विज्ञानकथा मासिकाचा पहिला अंक, एप्रिल 1926, चित्रकार पुन्हा पॉल. बर्फावर स्केटिंग करणारी माणसे, बर्फाच्या उंचवट्यांवर अडकून पडलेली जहाजे, आणि मागे आकाश व्यापून राहिलेला कडीवाला शनी. पॉल यांचे शिक्षण वास्तुरचनेचे. माणसे त्यांना कधी नीट जमली नाहीत, ती ताठ उभी असतात. यंत्रे आणि शहरे मात्र अशी की प्रत्येक खिळा जागेवर.

चेस्ली बोनस्टेल हेही वास्तुरचनेतूनच आलेले. 1944 मध्ये ‘लाइफ’ मासिकात त्यांची शनीची चित्रे आली, त्यातले टायटन या चंद्रावरून दिसणारा शनी हे सर्वांत गाजले. बर्फाळ कडे, वर गडद निळे आकाश, त्यात शनीची कोर आणि तिला छेदणारी कडी. कागदावरचे ते चित्र पाहताना आपण कुठे उभे आहोत ते पायांना कळते. जानेवारी 2005 मध्ये हायगेन्स यान टायटनवर उतरले आणि तिथे नारिंगी धुके निघाले, तळावरून शनी असा दिसणार नाही. म्हणून चित्र खोटे ठरले, असे सांगणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही. त्या चित्राने एका पिढीची नजर आकाशाकडे वळवली. चायनीय म्हणजे हेच. रिचर्ड पॉवर्स यांनी 1953 पासून बॅलंटाइन प्रकाशनाच्या पुस्तकांवर यान, यंत्रमानव सगळे बाजूला ठेवले आणि अनोळखी, वितळल्यासारखे आकार आणले. तिथेही नजर थांबते, ओळखता येत नाही म्हणून थांबते.

उरली ‘सजावट’. श्रेयनामावलीत ‘मुखपृष्ठ व सजावट’ अशी जोडी छापायची सवय लागली आहे, तिथून हा घोळ आला. सजावट म्हणजे असलेल्या वस्तूला नटवणे. वस्तू तिच्याशिवाय पुरी असते. पानाच्या कडेच्या वेलबुट्टीला सजावट म्हणा. पण डिसेंबर 1926 चा ‘अमेझिंग’ पाहा. मुखपृष्ठावर पॉल यांचे चित्र: परक्या यानाने हवेत उचललेले प्रवासी जहाज. कथा नाहीच. वाचकांनी चित्रावरून कथा लिहायची, पाचशे डॉलरची बक्षिसे. क्लेअर विंगर हॅरिस यांना तिसरे बक्षीस मिळाले आणि त्यांची कथा जून 1927 मध्ये छापून आली. पुढेही संपादक तयार चित्र लेखकाच्या हाती देऊन त्याभोवती कथा लिहून मागत. कथाच चित्रापोटी जन्मली असेल तर कोणी कोणाला सजवले?

आतल्या चित्रांसाठी ‘कथाचित्र’ लिहा. सुटसुटीत आहे, कानाला मराठी लागतो. व्हर्जिल फिनले यांचे एखादे कथाचित्र भिंगाखाली धरा. चेहऱ्यावरची सावली म्हणजे शाईचे सुटे सुटे टिंब, टोकदार टाकाने एकेक ठेवलेले, उजेडाकडे विरळ होत गेलेले. लगद्याच्या कागदावर करड्या छटा चिखलासारख्या पसरत, टिंब मात्र टिकत, म्हणून ही मेहनत. विज्ञानकथेसाठीचे ह्यूगो पुरस्कार 1953 मध्ये पहिल्यांदा दिले गेले तेव्हा मुखपृष्ठाचा आणि आतल्या चित्रांचा असे दोन वेगळे पुरस्कार होते. पहिला एड एम्शविलर आणि हॅनेस बोक यांना विभागून, दुसरा फिनले यांना. तुमच्या लेखात त्या पुरस्काराच्या ओळीत एम्शविलर-बोक यांच्यापुढे ‘मुखपृष्ठ’ आणि फिनले यांच्यापुढे ‘कथाचित्रे’ असे लिहा. पॉल यांच्यापुढे मात्र तिन्ही शब्द लागतील: मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि कथाचित्रे.