जिल्ह्यातला आगंतुक 'ह'

माढा तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे: "आमची आजी झेडपीच्या शाळेला शेवटपर्यंत 'बोर्डाची शाळा' म्हणायची. परवा सोलापुरात एका सत्काराला पाहुण्यांनी सांगितलं, लोकल बोर्ड म्हणजे लोकांचं बोर्ड. हे बरोबर का? आणि बोर्ड नि जिल्हा परिषद एकच का?"

साफ चूक. लोकल बोर्ड म्हणजे जिल्हा परिषदेआधी, इंग्रजी अमदानीपासून, सडका, विहिरी, शाळा बघणारं स्थानिक मंडळ. हे 'लोकांचं बोर्ड' मी इतक्या व्यासपीठांवरून ऐकलंय, की शाल-नारळाच्या यादीत त्याचीही नोंद करून टाकावी. 'लोकल'चं मूळ लॅटिन 'लोकस', म्हणजे जागा. आपल्या 'लोक'शी त्याची ना भाऊबंदकी, ना सोयरीक. बोर्ड म्हणजे फळी, मग मेज, मग मेजाभोवती बसणारी माणसं. परिषद म्हणजेही भोवती बसणंच, परि अधिक सद्. नाव बदललं तेव्हा फळी तेवढी गेली, बैठक राहिली. असो. खरी गंमत तुम्ही न विचारलेल्या शब्दात आहे. जिल्हा.

जिल्हा म्हणजे बरगडी! मूळ अरबी शब्दाचा अर्थ बरगडी, त्यावरून बाजू, कूस, आणि तिथून फारसी-उर्दूच्या वाटेने मुलखाचा एक भाग. आमच्या सोलापूरची बरगडी तर तीनदा हाताळलेली: 1838 ला उपकलेक्टरी बसवली, 1864 ला काढली, 1869 ला कलेक्टरी म्हणून पुन्हा बसवली.

आता त्यातला 'ह'. अरबी शब्दाच्या शेवटी 'ऐन' आहे, घशातून काढायचा आवाज. काही पंडित सांगतात, या ऐनचाच मराठीत 'ह' झाला. मग 'किल्ला'चा 'किल्ल्हा' का नाही झाला? तिथेही ऐनच आहे. नफा, जमा, मना, तमा, सगळीकडे ऐन होता आणि मराठीने तो बिनबोभाट गिळला. हिंदीतल्या 'जिला'लाही 'ह' नाही. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते मी वीस वर्षं मांडतोय. फारसी 'गुनाह'चा आपण 'गुन्हा' केला, 'तरह'ची 'तऱ्हा' केली. तिथला 'ह' अस्सल, फक्त जागा बदललेला. कचेरीतल्या कारकुनाच्या लेखणीला दिवसभर गुन्हा लिहायची सवय. त्याच झोकात जिलाचा जिल्हा झाला. गुन्ह्याच्या शेजारी बसून जिल्ह्याला 'ह' चिकटला! हे कुठल्या कोशात सापडणार नाही म्हणून हसणाऱ्यांनी आधी किल्ल्याचं उत्तर द्यावं.

तालुका त्याहून बहारीचा. तोही अरबी, धातूचा अर्थ लटकणं, चिकटून असणं. 'मुंबई इलाखा'तला इलाखा त्याच धातूचा. म्हणजे बरगडीला लोंबणारा तो तालुका.

आणि लोकल बोर्डाचं सगळं राजकारण या दोन शब्दांत बसतं. 1863 पासून शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा घेऊन लोकल फंड उभा राहिला. त्यातून सडका, विहिरी, धर्मशाळा, शाळा. स्थानिक कारभाराबद्दलचा व्हाइसरॉय लॉर्ड रिपनचा ठराव 1882 चा, मुंबई इलाख्याचा लोकल बोर्ड कायदा 1884 चा. त्याने जिल्हा बोर्ड दिलं आणि तालुका बोर्डंही दिली. जिल्ह्याच्या खुर्चीवर सुरुवातीला कलेक्टरच, त्यामुळे 'लोकांचं' किती ते ओळखा. 1923 ला नवा कायदा आला आणि 1938 ला तालुका बोर्डं बरखास्त. लोंबणारे कापले, बरगडी ठेवली. पुढे 1957 ला केंद्राने नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीने पंचायत समितीच्या, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या, पातळीवर जोर द्या म्हटलं. महाराष्ट्राच्या वसंतराव नाईक समितीने 1961 ला उलट सांगितलं: बळ जिल्ह्याला द्या, आणि आमदार-खासदारांना परिषदेच्या सभागृहाबाहेर ठेवा. महाराष्ट्राने तेच केलं. पुन्हा बरगडीच जिंकली. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या, लोकल बोर्ड संपलं. कलेक्टरही बाहेर गेला आणि मुख्य कार्यकारी अधिकारी आला, ज्याला आपण सीईओ म्हणतो.

तेव्हा बोर्ड आणि परिषद एक नाहीत. परिषद बोर्डाची वारस. पण पंचायत समित्या, विषय समित्या असा केवढा तरी संसार तिच्याबरोबर नव्याने आला.

हां, आजी. आजींचं बोर्ड बहुधा लोकल बोर्ड नसेलही. 1947 च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा जिल्हा स्कूल बोर्डाकडे होत्या. त्या काळात आजी शाळेत गेल्या असतील तर 'बोर्डाची शाळा' म्हणजे स्कूल बोर्डाची, आणि त्या पाहुण्यांपेक्षा नेमकं बोलत होत्या. माहेर अक्कलकोटचं असेल तर हिशेब पुन्हा वेगळा. ते 1948 पर्यंत संस्थान होतं, तिथे कुठलं आलंय लोकल बोर्ड. माहेर कुठलं ते कळवा.

आणि त्या पाहुण्यांनी जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना भाषणात 'सभापती' म्हटलं असेल, तर तेही कळवा. सभापती पंचायत समितीला असतो, नाहीतर विषय समितीला.