तास कमी माग, काम हलके मागू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. बाळंतपणाची रजा संपत आली असताना ‘आता पूर्वीसारखे कामात मन लागेल का’, ही तुझी शंका मी पुन्हा पुन्हा वाचली. मन लागले नाही तर तो आपलाच दोष, असे तू आधीच धरून चालली आहेस, हे मला पटत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये सुमारे २०० अभियंते आणि लेखापाल यांच्या मुलाखतींवरून असे मांडले होते, की पगार किंवा वरिष्ठांची वागणूक बिघडली तर असमाधान वाढते. समाधान मात्र जबाबदारीतून, तडीस नेलेल्या कामातून आणि त्याची दखल घेतली जाण्यातून येते. बाळंतपणानंतर परतलेल्या स्त्रीच्या हातून नेमके हेच निसटते, आणि तेही अनेकदा आपुलकीपोटी. ‘तुला आता दगदग नको’ असे म्हणत महत्त्वाचे काम दुसऱ्याकडे सोपवले जाते. माझ्या बाबतीत असेच घडले. मी वेळेवर घरी पोहोचत होते, कोणी बोल लावत नव्हते, तरीही दिवसभरात आपण काय केले, हे मला सांगता येत नसे. त्या रितेपणाला मी थकवा समजले आणि कित्येक महिने गप्प राहिले.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारात किमान १४ आठवड्यांची रजा, त्याच किंवा समकक्ष पदावर तेवढ्याच वेतनाने परतण्याचा हक्क आणि स्तनपानाचा वेळ कामाचाच वेळ धरण्याची तरतूद आहे. तुला लागू असलेले नियम नीट वाचून घे. परंतु पद तेच राहूनही त्यातले काम निघून गेलेले असू शकते, म्हणून रुजू होण्यापूर्वीच वरिष्ठांना भेट आणि कोणते काम सर्वस्वी तुझ्याकडे राहील, हे स्पष्ट विचार. गरज असेल तर तास कमी करून माग, मात्र कामाचे वजन कमी करून घेऊ नकोस.

बाळाच्या वडिलांशीही आत्ताच बोल. बाळाला ताप आला तर कोण घरी थांबणार, हे त्या दिवशी सकाळी ठरवायला बसलात, तर बहुधा तूच थांबशील.

आणि रात्रीची झोप सलग मिळू लागेपर्यंत राजीनाम्याचा विचार लांबणीवर टाक. पहिला आठवडा कसा गेला ते कळव. तुझ्याकडे कोणते काम आले, ते मला आधी ऐकायचे आहे.

तुझी,
ताई